शनिवारी घराला कुलूप लावू नका

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या मार्बलहेड या किनाऱ्यावरच्या गावाहून एका आईनं लिहिलंय: "गाव चित्रासारखं आहे, पण आपलं म्हणावं असं कोणी नाही. पाच दिवस कसेबसे काढतो आणि शनिवारी उठून फ्रेमिंगहॅमला मराठी मंडळींकडे पळतो. नऊ वर्षांचा मुलगा आता विचारतो, आपण इथे अजून किती दिवस राहणार?" शिवाय जुन्या घराच्या खिडक्या, भाजी आणि थंडीत येणाऱ्या सासूबाई यांचीही काळजी आहेच.

ताई, एकटेपणा कळतो हो. डिसेंबरात साडेचारला अंधारून येतं, आईशी बोलावंसं वाटतं, आणि तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात. पण रागावू नका, मुलाचा प्रश्न तुमच्या शनिवारांमधून आलाय. लहान गावात ओळखी होतात त्या सुट्टीच्या दिवशी, धक्क्यावर, वाचनालयात, पोरांच्या सामन्यांना. नेमकं तेव्हाच तुमच्या दाराला कुलूप!

आमच्या मुली तुमच्याच किनाऱ्यावरच्या ग्लॉस्टर या कोळ्यांच्या गावी वाढल्या. तिथे जूनअखेरीस सिसिलीहून आलेल्या कोळ्यांचा सेंट पीटरचा उत्सव असतो. मूर्तीची मिरवणूक निघते, होड्यांसाठी प्रार्थना होते. आमच्या सासूबाई हर्णैच्या, नारळी पौर्णिमा बघत वाढलेल्या. मूर्ती समोर आली तशा त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. शेजारच्या इटालियन आजीनं ते पाहिलं, आपली खुर्ची त्यांना दिली. एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघी संध्याकाळपर्यंत शेजारी बसून होत्या. पुढे त्या आजीच्या नाती गणपतीत आमच्याकडे मोदक वळायला येऊ लागल्या. अशी माणसं दर आठवड्याला गाव सोडून पळणाऱ्याला भेटायची कधी?

तुमचं गाव 1629 पासूनचं. मुलाला घेऊन पायी फिरा. जुन्या घरांवरच्या पाट्या त्याला मोठ्यानं वाचू दे, कुठल्या सालचं घर, कोणाचं, धंदा काय. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1776 च्या नाताळच्या रात्री, जॉर्ज वॉशिंग्टनचं सैन्य डेलावेअर नदीपार नेलं ते जॉन ग्लोव्हरच्या हाताखालच्या मार्बलहेडच्या खलाशांनी. ग्लोव्हरचं घर अजून उभं आहे. शेजारच्या सेलमची जहाजं मुंबईला व्यापाराला जात. तिथल्या पीबडी एसेक्स संग्रहालयाकडे मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांची तसबीर आहे, त्यांची गोष्ट मुलाला सांगाच. उन्हाळ्यात शिडाची होडी शिकायला घाला, चौकशी आत्ताच करा. मंडळ तोडा असं मी म्हणत नाही. गणपतीला, दिवाळीला जरूर जा, मधूनअधून एखाद्या रविवारीही. मराठी तर रोज जेवताना बोलताच.

खिडक्यांचं म्हणाल तर घर ऐतिहासिक भागात असल्यास रस्त्यावरून दिसणारा बदल करण्याआधी गावच्या समितीला विचारा. मेथी एकदम आणा, निवडून फ्रीझरमध्ये टाका. सासूबाईंना आल्या आल्या बर्फाचे बूट घ्या, नाहीतर त्या घरातल्या सपातांवरच अंगणात उतरतील.