तुरिनच्या लिंगोत्तो कारखान्याच्या गच्चीवर खरोखर मोटारी धावत होत्या का, आणि बंद पडल्यावरही ती इमारत कशी टिकली?

होय, खरोखर धावत होत्या. औद्योगिक वास्तूंचे आराखडे न्याहाळण्याचा मला नाद आहे आणि त्यांत फियाटच्या या कारखान्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इटलीतील तुरिन शहरात अभियंता जाकोमो मात्ते-ट्रुक्को यांच्या आराखड्यानुसार १९१६ साली याचे बांधकाम सुरू झाले आणि १९२३ मध्ये उद्घाटन झाले. फोर्डच्या अमेरिकेतील उत्पादनपद्धतीचा आदर्श फियाटसमोर होता. इमारत पाच मजली, सुमारे अर्धा किलोमीटर लांब आणि सलोह काँक्रीटची. कच्चा माल तळमजल्यावर येई, मजल्यागणिक जुळणी होत होत मोटार वर चढे आणि तयार झाली की थेट गच्चीवर निघे. तिथे दोन लांब सरळ पट्ट्यांना जोडणारी तिरकस चढाची वळणे होती. त्यांवर चाचणी झाली की गाडी खाली उतरे. म्हणजे गच्चीवरचा मार्ग हौसेखातर बांधलेला नव्हता, तो उत्पादनसाखळीचा शेवटचा टप्पा होता. इमारतीतल्या गोल फिरत चढणाऱ्या रॅम्पचे खालून घेतलेले छायाचित्र अवश्य पाहा. पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरलेल्या त्या काँक्रीटच्या तुळया पाहून, हे काम गाड्या चढवण्या-उतरवण्यासाठी केले होते यावर चटकन विश्वास बसत नाही.

१९३६ ची छोटी मोटार 'तोपोलिनो' इथेच तयार झाली. मात्र मजल्यांवर मजले चढवण्याची रचना वाढत्या उत्पादनाला अडचणीची ठरू लागली. फियाटचाच ऐसपैस पसरलेला मिराफिओरी कारखाना १९३९ मध्ये सुरू झाल्यावर भार तिकडे सरकत गेला आणि १९८२ मध्ये लिंगोत्तो बंद झाला.

तरीही इमारत वाचली, याचे मोठे श्रेय मी तिच्या सांगाड्याला देतो. एकसारख्या अंतरावरचे खांब, मोठ्या खिडक्या आणि मोकळे मजले असल्यामुळे आत काहीही बसवता येत होते. वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी हे ओळखले आणि बाह्यरूप, रॅम्प व गच्ची कायम ठेवून आत प्रदर्शन केंद्र, हॉटेल, दुकाने आणि तुरिनच्या तंत्र विद्यापीठाचे मोटार अभियांत्रिकीचे वर्ग सामावले. सभागृह तर त्यांनी जमिनीखाली नेले. १९९४ मध्ये क्लाउदिओ अब्बादो यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या वादनाने ते खुले झाले. २००२ मध्ये गच्चीवर फियाटच्या संस्थापकांपैकी असलेल्या आन्येल्ली कुटुंबाच्या संग्रहातील चित्रांचे छोटे कलादालन उभे राहिले. रॅम्प पाडून जागा वाढवली असती, तर माझ्या मते इमारत उरली असती पण लिंगोत्तो उरला नसता.

२०२१ मध्ये त्याच चाचणीमार्गावर ४०,००० हून अधिक रोपे लावून बाग करण्यात आली. लोक आता तिथे फिरायला जातात, आणि वळणांचा तो तिरका चढ आजही तसाच आहे.