गाळातला अमिबा आणि कलमांची बाग

पत्र : मुलगी पुण्यात बी.एस्सी. जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅनडात जाऊन तळ्याच्या गाळातल्या अमिबांवरून जुनी वादळं शोधायची म्हणते. अमिबा पोट बिघडवतो, एवढंच मला ठाऊक. त्यासाठी कलमांची बाग गहाण टाकून कर्ज काढू का? आणि पुढे तिला नोकरी कोण देणार?
— एक वडील, चिपळूण

उत्तर : नमस्कार. बाग गहाण टाकू नका. का, ते पुढे सांगतो. आधी मुलगी काय म्हणतेय ते बघू, कारण ती वेडगळ काही बोलत नाहीये.

तिचा अमिबा पोटातला नव्हे. हा तळ्याच्या तळाशी राहतो आणि अंगाभोवती कवच बांधतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासचा जीव. डिफ्लुजिया नावाचा प्रकार तर वाळूचे बारीक कण गोळा करून, ते चिकटवून सुरईसारखं घर करतो. सूक्ष्मदर्शकाखाली कण न् कण सुटा दिसतो, गिलावा न केलेल्या जांभ्याच्या भिंतीसारखा. अमिबा मरतो, घर गाळात राहतं. चुन्याची कवचं आम्लधर्मी पाण्यात विरघळून जातात, ही तशी जात नाहीत. म्हणून तळ्यात नळी ठोकून गाळाचा उभा दांडा काढला, की थराथरात हजारो वर्षांचे भाडेकरू सापडतात.

आता वादळ. नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक या कॅनडाच्या पूर्वेकडच्या प्रांतांवर अटलांटिकची चक्रीवादळं येऊन आदळतात. 2003 मध्ये जुआन, 2014 मध्ये आर्थर, 2022 मध्ये फियोना. उपकरणांच्या नोंदी फार मागे जात नाहीत. त्याआधी किती वादळं आली, हे गाळालाच विचारावं लागतं.

जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर बाजारपेठेत काय साचलं होतं, ते तुम्हाला मी काय सांगू! तळ्याचंही तेच होतं. पाऊस उतारावरची माती, पालापाचोळा आणि खतातला फॉस्फरस आत लोटतो. लाटा काठचा उथळ गाळ ढवळतात आणि काठाला मेलेल्यांची कवचं मधल्या खोल भागात नेऊन टाकतात. पाणी निवळलं की फॉस्फरसवर शेवाळ फोफावतं आणि शेवाळाच्या संगतीत वाढणाऱ्या ककुर्बिटेला ट्रायकस्पिस या अमिबाची चंगळ होते. स्वच्छ पाणीच लागणारे मागे पडतात. किनाऱ्यालगतच्या तळ्यात खारं पाणी घुसलं तर बहुतेकांचा निकाल लागतो. तग धरतो तो सेंट्रोपिक्सिस ॲक्युलिएटा : टोपीसारखं कवच, मागच्या कडेला काटे. थोडक्यात, वादळानंतर वस्तीत कोण उरलं आणि कोण वाढलं, याची ही खानेसुमारी.

मेख अशी, की फॉस्फरस शेतातूनही येतो आणि काठच्या घरांच्या संडासाच्या टाक्यांतूनही. नुसतं ककुर्बिटेला वाढलं म्हणून ‘वादळ’ म्हणता येत नाही. त्याच थरात वाळू जाडसर आहे का, टायटॅनियमसारखी जमिनीवरून आलेली मूलद्रव्यं वाढलीत का, हे ताडून बघतात. अलीकडच्या सव्वाशे-दीडशे वर्षांचं वय शिसं-210 या किरणोत्सारी शिशावरून काढतात, त्यामागचं कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनवरून. मला विचाराल तर तुमच्या मुलीची खरी कमाई ही ताडून बघण्याची सवय असेल.

नोकरीचं म्हणाल, तर ‘अमिबातज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात कुठेच येत नाही. पण कॅनडाच्या उत्तरेकडच्या यलोनाइफ शहराजवळची जायंट माइन ही सोन्याची खाण घ्या. तिथे जमिनीखाली 2,37,000 टन आर्सेनिकयुक्त धूळ साठवून ठेवलेली आहे. आसपासच्या तळ्यांवर आर्सेनिकचा किती परिणाम झाला, हे बघताना याच कवचवाल्या अमिबांचा उपयोग झाला. गाळ काढणं, वय ठरवणं, प्रदूषण वाचणं ही कामं पर्यावरण सल्लागार कंपन्यांत आणि सरकारी खात्यांत लागतात. आपल्याकडे जीवाश्मांवर काम करणारी लखनौची बिरबल साहनी संस्था आहे. सागरी गाळातल्या कवचधारी जिवांसाठी गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मात्र कायमच्या जागा मोजक्या आणि त्याही पीएच.डी. नंतरच्या. हे तिला आत्ताच कळलेलं बरं.

आता बाग. कॅनडात एम.एस्सी. दोन तऱ्हांची असते. नुसत्या तासांची, तिची फी तुमच्या खिशातून. दुसरी प्रबंधाची, तिच्यात बहुधा मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून किंवा शिकवण्याच्या कामातून पैसे मिळतात. तिने दुसरीसाठीच प्रयत्न करावा. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठात या अमिबांवर बरीच वर्षं काम चाललंय, तिथल्या प्राध्यापकांना नेमका प्रश्न घेऊन ई-मेल लिहावी. पैशाचा आकडा लिहिलेलं पत्र हातात आल्याशिवाय कर्जाचा विचारही नको. शिवाय तीन वर्षांची पदवी तिकडे बऱ्याच ठिकाणी चालत नाही. चौथं ऑनर्सचं वर्ष करावं, किंवा जॅम ही आयआयटींची एम.एस्सी. प्रवेश परीक्षा देऊन इथेच एम.एस्सी. करावी आणि मग जावं. मी दुसरं सुचवेन. दोन वर्षं गेली असं वाटेल, पण प्रबंध हाताशी असला की प्राध्यापक उत्तर देतात.

आणि एक करा. पावसाळ्यात ती घरी आली की गडग्यावरचं मखमलीसारखं मॉस मूठभर पिळून पाणी बाटलीत भरून द्या. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यात असली कवचं बहुधा दिसतील. या विषयात एका नमुन्यातली दीडशे तरी कवचं ओळखून मोजावी लागतात, आणि असे नमुने शेकड्यांनी. तिने दहा नमुने मोजावेत. अकरावा तिने आपणहून लावला, तर मला परत पत्र टाका. प्राध्यापकांना लिहायच्या ई-मेलचा मसुदा आपण मिळून करू.