एल्फ व्हायला आसुसलेला माणूस: असं पात्र टेबलावर कसं चालवायचं

प्रश्न वाचला. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकांच्या खेळात तुमचा चाळिशी ओलांडलेला माणूस-जादूगार एल्फ, म्हणजे टोकदार कानांच्या दीर्घायुषी वंशातला, व्हायला आसुसलाय. कॅम्पेन, म्हणजे ही लांबलचक गोष्ट, सुरू झाल्यापासून दर सेशनला (बैठकीला) तो शेकोटीपाशी बसून तेच दुःख उगाळतो, बाकीचे खेळाडू तेवढ्यात मोबाइल काढतात, आणि खेळ चालवणारा, वैतागलेला डीएम म्हणतोय, "पुढच्या शहरात तुला एल्फ करून टाकतो, विषय मिटव." हे घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत विचाराल तर आत्ता घेऊ नका. फुकटात एल्फ झालात की त्याच्या पुढच्या सेशनला तुमच्या पात्राला करण्यासारखं काहीच उरणार नाही. आणि टेबल कंटाळलंय ते त्याच्या इच्छेला नव्हे. तो इच्छेपायी काही करत नाही, नुसता बोलतो, त्याला कंटाळलंय.

आधी एक गोष्ट ठरवा: एल्फपणातलं त्याला नेमकं काय हवंय? "एल्फ व्हायचंय" एवढ्यावर भूमिका उभी राहत नाही. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकाप्रमाणे एल्फ साडेसातशे वर्षांपर्यंत जगतो आणि माणूस शंभरीही गाठत नाही. तुमच्या जादूगाराचं संशोधन अर्धवट राहणार म्हणून तो कासावीस असेल, तर त्याला वेळ हवाय. तो एल्फांच्या वस्तीत वाढला असेल, तर गोष्ट वेगळी होते. एल्फ शंभरीच्या आसपास सज्ञान मानला जातो, तेव्हाच तो मोठेपणीचं नाव घेतो. म्हणजे याच्याबरोबर झाडावर चढलेली पोरं त्यांच्यात अजून पोरंच मानली जातात आणि याचे केस पांढरे व्हायला लागलेत. त्याला आपल्या माणसांत राहायचंय. तिसरी शक्यता, त्याला ते शरीरच हवंय: ती चाल, ते डोळे, ते कान. आणि चौथी सगळ्यात अवघड. त्याला एल्फ व्हायचंच नाही, स्वतःपासून सुटायचंय, आणि एल्फ हे त्याला सुचलेलं पहिलं नाव आहे.

यातलं कुठलं, हे कळायचा सोपा उपाय म्हणजे त्याच्यापुढे बदली माल ठेवायला डीएमला सांगा. एखादा नेक्रोमॅन्सर (मृतांवर जादू करणारा) येऊन म्हणू दे, "तुला काळ हवाय ना? लिच हो, हजार वर्षं काम कर." (लिच म्हणजे मरूनही वावरणारा जादूगार.) तुमचा जादूगार क्षणभर जरी विचारात पडला, तर त्याला वेळ हवा होता. शिसारी येऊन उठून गेला, तर गोष्ट शरीराची किंवा आपलेपणाची आहे. हा प्रसंग कसा जाईल ते आधीपासून ठरवून बसू नका. टेबलावर तोंडातून काय निघतं ते बघा, पुष्कळदा आपल्यालाच नवल वाटतं.

आता टेबलावर हे दाखवायचं कसं. माझा नियम असा की सेशनमध्ये इच्छेबद्दल एकही वाक्य बोलायचं नाही, एक कृती करायची, आणि त्या कृतीची किंमत पात्राने मोजायची. तुमच्यासाठी तर आयतं साधन नियमांतच आहे. एल्फ झोपत नाहीत. चार तास ट्रान्समध्ये बसले की माणसाच्या आठ तासांच्या झोपेइतका आराम त्यांना मिळतो. तर तुमच्या जादूगाराने रोज रात्री मांडी घालून, डोळे अर्धे मिटून बसायचं. झोपायचं नाही. पहाटे मान कलंडते, लाँग रेस्ट (रात्रभराचा आराम) बोंबलते, स्पेल स्लॉट (मंत्र वापरायचा साठा) परत येत नाहीत. डीएम एक्झॉशन, म्हणजे थकव्याचा दंडही देऊ शकतो. चार दिवसांनी पार्टीतली (त्याच्या टोळीतली) क्लेरिक, म्हणजे देवाची पुजारीण, विचारते, "तुला झालंय काय?" आणि तो म्हणतो, "काही नाही, सराव करतोय." या चार शब्दांत जेवढं आहे तेवढं तुमच्या शेकोटीवरच्या भाषणात नव्हतं. एखाद्या रात्री पहारा त्याच्याकडे असताना तो तसाच बसल्या बसल्या पेंगला आणि गॉब्लिन आत शिरले, तर मग बघा कुणाच्या हातात मोबाइल राहतो का.

मी डीएम असताना एका खेळाडूचा हाफ-ऑर्क, म्हणजे आडदांड, सुळेवाल्या वंशाचं पात्र, माणूस व्हायला बघायचा. तो प्रत्येक गावाच्या वेशीबाहेर थांबून कानशीने सुळे घासायचा. खेळाडू तोंडाने काही सांगत नसे, फक्त म्हणे, "मी थांबतो. तुम्ही व्हा पुढे." एकदा पार्टीतली ड्वार्फ (बुटक्या वंशातली) न बोलता त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याच्या हातातली कानस घेऊन तिने धार बघितली. म्हणाली, "बोथट झालीये. माझी घे." त्यावर तो काय बोलला ते महत्त्वाचं नाही, पण त्या दिवसापासून ते पात्र सगळ्या टेबलाचं झालं. सांगायचं कारण एवढंच की दुसऱ्यांना हात घालायला जागा ठेवा. दुःखाचं भाषण ऐकून घेण्यापलीकडे कुणाला काही करता येत नाही.

याच उदाहरणावरून अजून एक. हाफ-ऑर्कने माणूस होऊ बघणं आणि माणसाने एल्फ होऊ बघणं एका मापाने मोजू नका. पहिल्याला लोक दगड मारतात म्हणून तो पळतोय. दुसऱ्याला कुणी दगड मारत नाही, तो वर बघतोय. एल्फ म्हणजे देखणे, नाजूक, शहाणे आणि बाकीचे सगळे ओबडधोबड, असं तुमच्या पात्राला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. पण जगाने त्याला दुजोरा देऊ नये, हे डीएमशी बोलून ठेवा. त्याला एखादा कोता, आळशी, अडीचशे वर्षं एकाच भांडणात अडकलेला एल्फ भेटलाच पाहिजे.

पार्टीत एल्फ खेळणारं कुणी आहे का? असेल तर सेशनबाहेर आधी त्यांच्याशी बोला. कुणी सतत आपल्या पात्राकडे नमुना म्हणून बघत असेल तर त्याचा त्रास होतो. उलट त्यांना सोबत घेतलंत तर कॅम्पेनमधले सगळ्यात चांगले संवाद इथेच निघतील. तुमचा जादूगार ज्या साडेसातशे वर्षांसाठी तडफडतोय, त्यातच त्या एल्फला पार्टीतल्या प्रत्येकाची चिता बघायची आहे.

आता बदल करायचाच झाला तर कसा, हा प्रश्न. इथे मला खूप बोलायचंय, कारण वेगवेगळ्या स्पेलांतून (मंत्रांतून) गोष्टी अगदी वेगळ्या निघतात, आणि बरेच डीएम "जादूने झालं" म्हणून हे वाया घालवतात.

डिसगाइझ सेल्फ हा पहिल्या लेव्हलचा. तासभर टिकतो आणि नुसता भास आहे. कुणी कानाला हात लावला तर बोट आरपार जातं. ऑल्टर सेल्फ दुसऱ्या लेव्हलचा. त्यात शरीर खरंच बदलतं, पण तेही तासभर आणि कॉन्सन्ट्रेशन (मनाची एकाग्रता) सांभाळून. मार बसला, सेव्ह (तग धरायचा फासा) हुकला, की कान पुन्हा गोल. तुमच्या जादूगाराला हे दोन्ही फार लवकर मिळतात, म्हणून मी तर म्हणेन की वापराच. एल्फांच्या मेजवानीत तासाचा हिशोब ठेवत बसलेला माणूस ही फार चांगली जागा आहे.

ट्रू पॉलिमॉर्फ नवव्या लेव्हलचा, जादूगाराला तो स्वतः सतराव्या लेव्हलला पोचल्यावर मिळतो. पूर्ण तास कॉन्सन्ट्रेशन टिकलं तर बदल कायमचा होतो. पण २०१४ च्या नियमांत मेख अशी आहे की नव्या रूपाचे आकडे जुन्यांच्या जागी येतात, बुद्धीचे सुद्धा. स्वभाव राहतो, पण जन्मभर शिकलेली जादू गेली. शिवाय डिस्पेल मॅजिक या जादू मोडणाऱ्या स्पेलने तो मोडू शकतो आणि ट्रूसाइट (खरं रूप बघणारी नजर) असलेल्याला आत मूळचा माणूस दिसतोच. म्हणजे एल्फ झाल्यावरही आयुष्यभर धाकधूक.

माझा आवडता मात्र रीइन्कार्नेट. ड्रुइडचा (निसर्गाच्या जादूकाराचा), पाचव्या लेव्हलचा, हजार सुवर्णमुद्रांची तेलं आणि लेप लागतात, मरून दहा दिवसांच्या आत करावा लागतो. आधी मरावं लागतं, ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे २०१४ च्या नियमांत कुठलं शरीर मिळेल ते शंभर आकड्यांच्या फाशावर ठरतं. तिथल्या तक्त्यात एल्फचे तिन्ही प्रकार मिळून २१ आकडे आहेत आणि माणसाचे २०. म्हणजे एल्फ व्हायला मेलेला तुमचा जादूगार परत माणूसच होऊन उठण्याची शक्यता जवळजवळ तेवढीच, आणि ड्वार्फ किंवा हाफलिंग व्हायची त्याहून कितीतरी जास्त. डीएम तक्त्यावर फासा न टाकता स्वतः निवडू शकतो, पण त्याला निवडू देऊ नका. फासा सगळ्यांसमोर टाका. हाफ-एल्फ आला (चार आकडे आहेत) तर त्याची त्रिशंकू अवस्था खेळायला कॅम्पेन पुरणार नाही.

जुन्या आवृत्त्यांत याहून सुंदर वाटा होत्या. तिसऱ्या आवृत्तीत ड्रॅगन डिसायपल नावाचा पेशा घेतलेला दहा लेव्हलांत थोडा थोडा बदलत शेवटी अर्धा ड्रॅगन व्हायचा. २००६ च्या 'रेसेस ऑफ द ड्रॅगन'मध्ये कुठल्याही वंशाचा माणूस बाहामुट या ड्रॅगनदेवाला वाहून घेऊन विधी करायचा, त्याच्याभोवती अंडं तयार व्हायचं आणि त्यातून ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनवंशी) बाहेर पडायचा. डीएमला एल्फांसाठी असलं काही रचायला सांगा, फुकटच्या वरदानापेक्षा शंभर पटीने बरं. आणि तुमच्या पात्राला शरीरापेक्षा आपलेपणा हवाय असं निघालं, तर पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत 'अडॉप्टेड अ‍ॅन्सेस्ट्री' नावाचा फीट (पात्राने निवडायचा खास गुण) आहे. शरीर तेच, पण ज्यांच्यात वाढलात त्यांचे फीट घेता येतात. हा तोडगा डीअँडडीत उचलायला काहीच हरकत नाही.

एक छोटी पण गरजेची गोष्ट. "हे शरीर माझं नाही" हा विषय टेबलावरच्या कुणाच्या खऱ्या आयुष्याला लागून जाऊ शकतो, कदाचित तुमच्याही. सुरू करण्याआधी सगळ्यांशी मोकळेपणी बोलून घ्या आणि मध्येच थांबता येईल अशी सोय ठेवा, एक्स-कार्ड (दाखवलं की प्रसंग थांबवायचं कार्ड) असेल तर उत्तम.

डीएमला मात्र आजच कळवा: शहरात एल्फ करू नकोस, त्याऐवजी रीइन्कार्नेट येणारी एक ड्रुइड ठेव आणि तिचा भाव सगळ्या पार्टीला ऐकू येऊ दे. हजार मुद्रा पार्टीच्या सामाईक थैलीतूनच जाणार, त्यामुळे पुढची चर्चा तुम्हाला सुरू करावी लागणार नाही. आणि फासा लागून खरंच हाय एल्फ (एल्फचा एक प्रकार) झालात तर कॅरेक्टर शीट नीट तपासा. आठवणी, लेव्हल, स्पेल सगळं राहतं, फक्त वंशाचे गुण बदलतात. २०१४ च्या नियमांत साध्या माणसाला सगळीकडे मिळालेला एकेक गुण जातो, डेक्स्टेरिटीत (चपळाईत) दोन आणि इंटेलिजन्समध्ये (बुद्धीत) एक येतो. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ असेल तर १३ होईल आणि दर लेव्हलमागे एक हिट पॉइंट (मार सोसायचा आकडा) कमी होईल. हे विसरून लोक नंतर भांडतात.