वाचक नसताना ब्लॉग लिहीत राहायचं ते कशाच्या जोरावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विट्याला राहता, नोकरी सांभाळून मराठीत ब्लॉग सुरू केलात, सुरुवातीला झपाट्याने लिहिलंत आणि आता लिहायला बसायचं म्हटलं की नको वाटतं. वाचक बोटांवर मोजण्याइतके. मित्र म्हणतात, सध्या जे चालतंय ते लिही, नाहीतर रील कर. मन त्याला राजी नाही. तर खरेपणाही सोडायचा नाही आणि उत्साहही जाऊ द्यायचा नाही, हे जमवायचं कसं?

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघतो. हळद, बेदाणा, कृष्णेचं पाणी, नाटकं असल्या इथल्याच गोष्टींवर बरीच वर्षं ब्लॉग लिहितोय. त्यावर घर चालत नाही, हे आधीच सांगून टाकतो. घर चालवायला ब्लॉग काढला असेल तर माझं उत्तर तुमच्या कामाचं नाही.

तुम्ही अलीकडच्या लेखांचे विषय दिलेत: गुळाचे फायदे, पहाटे उठायची सवय, पावसाळी सहलीची ठिकाणं. यातल्या एकाही लेखासाठी घराचा उंबरा ओलांडावा लागला नसणार. इकडचं तिकडचं वाचायचं, आपल्या शब्दांत मांडायचं आणि टाकून द्यायचं. हे काम आता मोबाइलमधलं कुठलंही एआय मिनिटभरात करून देतं, वर शुद्धलेखनाच्या चुका आपल्यापेक्षा कमी करतं. मग कंटाळा आला नाही तरच नवल. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून उत्साहाचं मी शेवटी बघतो. तुम्ही काय बघायला जाताय, ते आधी.

हळदीचंच सांगतो. जानेवारी-फेब्रुवारीत नवी हळद यार्डात यायला लागते. त्या दिवसांत 'सांगली हळद भाव' असं गूगलवर टाकलं की जिथे तिथे तेच तीन आकडे मिळतात: किमान, कमाल, सरासरी. तेच मी पुन्हा लिहून कुणाचं भलं होणार? पण सौद्याच्या वेळी ढिगाशेजारी उभं राहिलं की वेगळंच काही दिसतं. खरेदीदार ढिगाच्या वरच्या मालाकडे बघतही नाही. हात आत खुपसून मूठभर काढतो, त्यातलं एक हळकुंड दोन्ही हातांत धरून मोडतो. नीट वाळलेलं असेल तर खाडकन आवाज येतो. ओल राहिली असेल तर ते मोडायच्या आधी वाकतं. मग तो मोडलेल्या तोंडाकडे बघतो. वरची चकाकी पॉलिशच्या ड्रमात येते, आतला रंग बराचसा शिजवताना राहतो नाहीतर बिघडतो. हळद जास्त शिजली की रंग उतरतो, कमी शिजली की हळकुंड ठिसूळ होतं. एकाच गावातल्या दोघांच्या मालात क्विंटलमागे हजारभर रुपयांचा फरक पडतो तो इथे, त्या दोन-चार सेकंदांत. शेतकऱ्याच्या हातात जी हिशेबाची पट्टी पडते तिच्यावर वजन असतं, दर असतो, हमाली-तोलाई असते. हे कारण नसतं.

तेवढंच मी लिहिलं होतं. तेव्हा फारसं कुणी वाचलंही नाही. पुढच्या हंगामात वाळव्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, "आमची हळद वाकत होती ओ, मग ती अजून किती वाळवायला पायजे होती?" मी शेतकरी नाही, मला काय ठाऊक! विचारायला गेलो, शिजवणी बघितली, अंगणात पसरलेली हळद बघितली, त्यातून पुढचा लेख निघाला. तेव्हापासून हे असंच चालू आहे. एखाद्या लेखावर कुणीतरी असं काही विचारतं की उठून जावंच लागतं. माझा उत्साह म्हणाल तर तो इतकाच.

खरेपणाबद्दल एक समजूत हल्ली फार पसरलीय. अस्सल लिहायचं म्हणजे आतलं सगळं ओतायचं: घरातली भांडणं, रडणं, नैराश्य. ज्यांना ते जमतं त्यांनी जरूर लिहावं, पण तो एकच मार्ग नाही, आणि घरच्यांनी त्याला परवानगी दिलेली असते असंही नाही. माझी खरेपणाची कल्पना अगदी रुक्ष आहे. पाहिलं असेल तर पाहिलं म्हणायचं, ऐकलं असेल तर कुणाकडून ते सांगायचं.

पुरात याचा कस लागतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की सांगलीत माणसं भेटल्यावर आधी 'किती फूट?' विचारतात. व्हॉट्सॲपवर तासातासाला नवे आकडे फिरत असतात, कोयनेतून इतकं सोडलं, रात्रीत दहा फूट चढणार, अमुक कॉलनी रिकामी करताहेत. त्या दिवसांत मी ब्लॉगवर फक्त चार ओळी टाकतो: आकडा, वेळ, स्वतः पुलावरच्या मोजपट्टीवर पाहिला की प्रशासनाच्या निवेदनातून घेतला. ना वर्णन, ना फोटोखाली हळहळ. माझ्या लिखाणातला हा सगळ्यात कोरडा भाग, पण हळदीचे माझे लांबलचक लेख लोक विश्वासाने वाचतात ते या चार ओळींमुळे, असं मला नक्की वाटतं.

आता वाचकांचं. तुम्ही 'मराठी वाचक' नावाच्या कुणासाठी तरी लिहिताय. असा माणूस मला तरी आजवर भेटलेला नाही. तुमच्याकडे आयता वाचक आहे, फक्त तो विट्यात राहत नाही. खानापूर-आटपाडी भागातली किती घरं गलाईच्या धंद्यात आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. पाऊस नाही म्हणून गाव सोडून सोनं-चांदी गाळायला गेलेली ही माणसं केरळ-तामिळनाडूपासून पार दिल्ली-कोलकात्यापर्यंत पसरलीत. पोरं तिकडच्या शाळांत शिकतात, तमिळ-मल्याळम घडाघडा बोलतात आणि यात्रेला, लग्नाला गावी येतात. रात्री भट्टी बंद करून जेवायला बसलेला गलाईवाला मोबाइलवर काय शोधत असेल? गावाकडं पाऊस झाला का. टेंभू उपसा योजनेचं पाणी आपल्या तलावात आलं का. दसऱ्याला विट्यातल्या पालख्यांच्या शर्यतीत यंदा कुणाची पालखी पुढं होती. खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंडाला काय मागत होते. यातलं काहीही मुंबई-पुण्याचा ब्लॉगर लिहू शकत नाही, आणि एआयला तर पालख्या कुठून कुठे पळतात तेही धड सांगता येणार नाही. पाहिजे तर करून बघा.

उलट दिशेनेही लिहिता येईल. सुट्टीत गावी आलेल्या एखाद्या गलाईवाल्या काकांना गाठा आणि विचारा: पहिल्यांदा तिकडे गेलात तेव्हा कुणाच्या दुकानात राहिलात, मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, धरायला कुणी शिकवलं, भाषा येत नसताना पहिलं गिऱ्हाईक कसं टिकवलं. 'यशोगाथा' वगैरे मथळा तेवढा देऊ नका. भाडं, पगार, ॲसिडचा वास, डब्यात काय असायचं, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

वाचक ओळखीचा असणं यात कमीपणा नाही. आपल्याच जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीला, १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्यातली माणसं आणि कारखान्याचं गिऱ्हाईक यांच्यासाठी. नांगर करणाऱ्या आणि नांगर घेणाऱ्या माणसांचं ते पत्र. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघालं आणि अख्ख्या महाराष्ट्राने ती वाचली. सगळ्यांसाठी म्हणून सुरुवात केली असती तर काय झालं असतं कोण जाणे.

लिहिण्याच्या शिस्तीबद्दल विचारलंत. रोज पाचशे शब्द वगैरे माझ्याने कधी झालं नाही. मी पंचांगावर चालतो. फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याची शेडं भरलेली असतात, तासगाव-कवठेमहांकाळकडे एक चक्कर ठरलेली. त्याच सुमारास यार्डात हळद. जुलै-ऑगस्ट पाण्याचा. भाद्रपदात चतुर्थीच्या आधीच गणपती मंदिरात चोर गणपती बसतो, त्यावर दर वर्षी बाहेरगावचे लोक तेच विचारतात, म्हणून दर वर्षी थोडी भर घालून तोच लेख वर काढतो. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते इथेच, तेव्हा त्या आठवड्यात नाटकावर लिहिल्याशिवाय सांगलीकराला चैन पडत नाही. मधल्या महिन्यांत सुचलं तर लिहितो, नाही तर नाही. तुम्हीही असं एक पान करून भिंतीला लावा. वाटेल तेव्हा लिहीन म्हटलं की वाटतच नाही. शर्यत मात्र दसऱ्याला होतेच, तुम्हाला उत्साह असो वा नसो.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय खरेपणाचं बोलणं अर्धवट राहतं. गूगलची जाहिरात लावलीत तर खात्यावर १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत आणि लहान मराठी ब्लॉगला तिथवर पोचायला भरपूर वेळ लागतो. त्याआधी १० डॉलरला पत्ता पडताळायचं पिनचं पत्र पोस्टाने येतं. माझं आलं तेव्हा पोस्टमनला वाटलं मला परदेशात नोकरी लागली. खरी परीक्षा जाहिरातदार थेट फोन करतो तेव्हा. मसाल्याच्या एका कंपनीने मला हळद पावडरीवर 'स्वतःच्या अनुभवासारखं' लिहायला सांगितलं होतं, मजकूर त्यांनीच पाठवला होता. पावडर पाठवली नव्हती! मी नाही म्हणालो, पण पैसे घेऊन लिहूच नये असं माझं मत नाही. घ्या, फक्त लेखाच्या वरच 'जाहिरात' असं मराठीत, दिसेल असं लिहा. हा निव्वळ सभ्यतेचा भाग राहिलेला नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये नियम केले, जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही मार्गदर्शिका काढली. फुकट मिळालेली वस्तू, फुकटची सहल हेसुद्धा त्यात सांगावं लागतं. बहुतेक जण सांगत नाहीत, ते सोडा.

आकडेवारीच्या पानाबद्दल: सकाळ-संध्याकाळ उघडू नका, महिन्यातून एकदा पुरे. किती आले यापेक्षा काय शोधत आले तेवढं बघा. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ते शब्द दिसतात आणि त्यात पुढचे विषय पडलेले असतात. गूगलने २०२२च्या डिसेंबरात शोधाचा दर्जा तपासणाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत लिहिणाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव हाही निकष घातला आहे. म्हणून तुमचा ब्लॉग उद्या वर येईल या भ्रमात राहू नका. गुळाच्या फायद्यांनी तो येणार नाही, एवढं मात्र खरं.

राहिला मित्रांचा सल्ला, रील कर म्हणून. जरूर करा की. खोंडाचा सौदा, पालख्यांची पळापळ हे लेखापेक्षा रीलमध्ये चांगलं दिसतं, त्यात कसला आलाय खोटेपणा! माझा आवाज बरा नाही म्हणून मी करत नाही.

आणि शर्यतीवर लिहिलंत तर लिंक इथेच खाली टाका. आमच्या शेजारच्या दुकानातल्या हमालाचा भाऊ मदुराईला गलाईत आहे, त्याला पाठवतो. तो त्याच्या गावच्या ग्रुपवर टाकेल आणि चूक असेल तर रात्रीच्या आत कळवेल.