लाल ओळ वाचायची राहून गेली होती

"मॅडम, गणित येतं मला, पण लॅबमधलं सॉफ्टवेअर काही केल्या जमत नाही. विषय सोडून देऊ का?"

प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या घ्यायचे दिवस आले की विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न हमखास येतो. सॉफ्टवेअर म्हणजे बहुधा मॅटलॅब, संगणकावर गणितं सोडवायचं आणि आलेख काढायचं. विचारणारी मुलं बहुतेक बीड, परभणी, हिंगोलीकडच्या खेड्यांतली असतात, मराठी माध्यमातून शिकलेली आणि गणितात वर्गात पुढे असलेली. त्या सगळ्यांसाठी एकीची हकिगत लिहिते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एम.एस्सी. गणिताचं पहिलं वर्ष. खोलीवर तिघींत मिळून एक लॅपटॉप, गावाकडून एसटीनं येणारा डबा. पहिल्या भेटीत ती बराच वेळ बोलली, पण सगळं स्वतःवरच. मीच ढ, माझंच इंग्लिश कच्चं, "सगळे भराभरा करायलेत, मीच मागं राहायले." अशा वेळी मी धीर देण्याची घाई करत नाही. एकच प्रसंग निवडते आणि तो बारकाईनं विचारते.

"परवा लॅबमध्ये काय झालं, तेवढंच सांग."

"मॅटलॅब उघडलंच नाही. शेजारच्या पोरीचं उघडलं. मग उठून आले."

"पडद्यावर काय आलं होतं?"

"लायसन्सचं काहीतरी. वजा चार का काय. मला वाटलं माझ्याच हातून बिघडलं."

लायसन्स मॅनेजर म्हणजे परवाने मोजणारा प्रोग्रॅम. त्याची वजा 4 ही त्रुटी म्हणजे जागा भरल्या. विद्यापीठानं ठरावीक संख्येचे परवाने घेतलेले असतात, तितक्या जणांनी सॉफ्टवेअर उघडलं की पुढच्याला ते नाकारलं जातं. कुणीतरी बंद केलं की जागा मोकळी होते. वजा 15 आली तर संगणक परवान्याच्या सर्व्हरपर्यंत पोचलेला नसतो. नेटवर्कची तार, फायरवॉल किंवा बंद पडलेला सर्व्हर, यांपैकी काहीतरी. दोन्हींत मुलीचा काडीचाही दोष नाही. तरी तीन आठवडे तो आकडा तिनं स्वतःच्या नावावर मांडून ठेवला होता.

म्हणून मी आधी दोन प्रश्न वेगळे करायला लावते: सॉफ्टवेअर मिळत नाही हा एक, आणि ते येत नाही हा दुसरा. पहिला चौकशीनं सुटतो. विभागात विचारायचं की परवाना फक्त लॅबपुरता आहे की सगळ्या विद्यापीठासाठी आहे. सगळ्यांसाठी असेल तर खातं विद्यापीठानं दिलेल्या ईमेलवरूनच उघडायचं. बरीच मुलं स्वतःच्या नेहमीच्या ईमेलवरून उघडतात, मग समोर 30 दिवसांची चाचणी आवृत्ती येते आणि "आपल्याला मिळतच नाही" असा समज होतो. स्वतःच्या लॅपटॉपवर घेताना यादीतल्या सगळ्या टूलबॉक्सच्या, म्हणजे जादा जोडण्यांच्या, खुणा काढून फक्त मूळ मॅटलॅब ठेवायचं, नाहीतर मोबाईलचा डेटा डाउनलोडमध्येच संपतो. परवाना नसला तरी मॅटलॅब ऑनलाइनची साधी आवृत्ती महिन्याला 20 तास ब्राउझरमध्ये फुकट चालते. रोज 20 मिनिटांचा सराव धरला तर महिन्याचे 10 तासच होतात. पेनड्राइव्हवरून फिरणारी क्रॅक केलेली प्रत मात्र नको. तिघींचा एकुलता एक लॅपटॉप व्हायरसनं बसला तर अभ्यास तिघींचा बुडतो.

हे आठवड्याभरात मार्गी लागलं. तरी पुढच्या भेटीत चेहरा तसाच. "आता उघडतंय, पण लाल येतं."

"लाल ओळीत काय लिहिलेलं असतं?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "वाचलं नाही कधी. लाल दिसलं की बंद करते."

आज्ञेत चूक झाली की मॅटलॅब ती लाल अक्षरांत सांगतं. या उत्तरापाशी मी थांबले. त्यानंतर इतर मुलांना विचारलं तेव्हाही बहुतेकांनी हेच सांगितलं. बालवाडीपासून लाल अक्षर म्हणजे मास्तरांची शाई आणि वहीवरचा शेरा. शेरा कुणी अभ्यासत नाही, पान उलटतात. मुलांना सॉफ्टवेअरची भीती वाटत नाही, त्या रंगाची वाटते, हे मला इथे उमगलं. पुढच्या वेळी लाल ओळींचे फोटो काढून आण, असं तिला सांगितलं.

पहिल्या फोटोत तिनं दोन एक्स (2x) वहीत लिहितो तसं जोडून लिहिलं होतं. लाल ओळीतले शब्द मी एकेक करून तिच्याकडूनच वाचून घेतले.

"मिसिंग म्हणजे?"

"नसलेलं. राहिलेलं."

"मल्टिप्लिकेशन?"

"गुणाकार." मग तिनं फोन माझ्या हातातून घेतला. "मॅडम, गुणिलेचं चिन्ह राहिलंय असं सांगायलंय ते! दोन आणि एक्सच्या मध्ये तारा टाकायचा होता."

पदवीपर्यंत रोज गुणाकार करणाऱ्या मुलीला ते वाक्य कळण्याइतकं इंग्लिश येतच होतं.

भीती जाण्याची वाट पाहत बसू नये, हात आधी कामाला लावावेत, असं मी मानते. म्हणून तिला गृहपाठ दिला: रोज 20 मिनिटं, आणि त्यात पाच चुका मुद्दाम करायच्या. कंस उघडून बंद करायचा नाही. लहान एक्सला किंमत देऊन मोठा एक्स विचारायचा. दोन ओळी तीन स्तंभांच्या सारणीला तशाच सारणीनं गुणायचं. तिथे नियम आडवा येतो, कारण पहिलीचे स्तंभ दुसरीच्या ओळींइतके लागतात. घटकाला घटकानं गुणायचं असेल तर ताऱ्याआधी टिंब हवं. फाइलच्या नावात जागा सोडून पाहायची, म्हणजे ती चालत नाही हे कळतं. फाइलला 'प्लॉट' नाव देऊन पाहायचं, म्हणजे आपलीच फाइल मूळ आज्ञेला झाकून टाकते आणि साधा आलेखही निघत नाही. हे पाहून झालं की नाव लगेच बदलायचं. प्रत्येक लाल ओळ वहीत उतरवायची, शेजारी मराठीत अर्थ. मुद्दाम केलेल्या चुकीची लाज वाटत नाही, आणि महिन्याभरात लाल रंगाचा धसका जातो. हा गृहपाठ आता मी अनेकांना देते आणि तो लागू पडतो.

तिसऱ्या आठवड्यात ती तणतणत आली. "साइन 90 विचारलं तर 0.8940 सांगतंय! लाल काहीच नाही आणि उत्तर चूक." अंशात हवं असेल तर साइनच्या पुढे डी जोडलेली वेगळी आज्ञा आहे, साधं साइन कोन रेडियनमध्ये धरतं. पण मला तिला दुसरंच दाखवायचं होतं. "चूक आहे हे तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "सांगायला कशाला पाहिजे, साइन 90 म्हणजे 1च असतो." न ओरडता आलेलं चुकीचं उत्तर ज्याला गणित येतं त्यालाच पकडता येतं. स्वतःला ढ म्हणणं तिनं त्या दिवसापासून सोडलं.

मॅटलॅब मुळात अशा विद्यार्थ्यांसाठीच तयार झालं, हेही मी तिला सांगितलं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर यांनी ते लिहिलं, मुलांना फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा न शिकता सारण्यांची गणितं करता यावीत म्हणून. ते विकणारी मॅथवर्क्स कंपनी 1984 मध्ये निघाली.

इंटरनेट तुटत असेल तर ग्नू ऑक्टेव्ह हे मॅटलॅबसारखंच सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लॅपटॉपवर उतरवल्यावर नेटशिवाय चालतं. मॅटलॅबच्या बऱ्याचशा फाइली त्यात तशाच चालतात. उलट नेताना जपावं: टीप, म्हणजे संगणक वाचत नाही तो आपल्यासाठीचा मजकूर, लिहायला टक्केचिन्हच वापरावं, अधिक-बरोबर हे जोडचिन्ह टाळावं; ऑक्टेव्हला ते चालतं, मॅटलॅबला नाही. मराठीतून शिकायचं तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सायलॅब या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजात आहेत. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, आणि प्रत्येक आज्ञेला थांबून स्वतः टाइप करणं, हीच त्यांची रीत. फक्त सायलॅबमध्ये पाय (π) या संख्येच्या आधी टक्केचिन्ह लागतं. ती सवय मॅटलॅबमध्ये आली की टक्क्यापुढची सगळी ओळ टीप धरली जाते आणि आज्ञा अर्धवट राहते. म्हणून एका सत्रात एकच सॉफ्टवेअर धरा.

शेवटच्या भेटीत तिनं वही उघडून समोर ठेवली. साइन पायचं उत्तर शून्य यायला हवं होतं. आलं होतं दशांश चिन्हापुढे 15 शून्यं आणि मग 12246. "मशीनला पाय पूर्ण साठवता येत नाही, मॅडम. सोळाएक अंकांपाशी तोडावाच लागतो. जेवढा तुटला, तेवढं हे उरलंय." मग तिनं विचारलं, "अशी दोन उत्तरं सारखी आहेत का ते बरोबरच्या चिन्हानं तपासायचं नाही, दोन्हींतला फरक किती लहान आहे ते बघायचं, असं जर्नलमध्ये लिहू का?"

"लिही," म्हटलं.