9 ग्रॅम पाण्यात अणू किती? माझं उत्तर 3.011 × 10²³ येतं, पुस्तकात 9.033 × 10²³ दिलंय

पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे. तुम्ही रेणू मोजलेत, प्रश्न अणूंचा आहे. पाण्याचं रेणुवस्तुमान 18, म्हणून 9 ÷ 18 = 0.5 मोल. त्याला 6.022 × 10²³ ने गुणलं की 3.011 × 10²³ रेणू मिळतात आणि तुम्ही तिथेच थांबलात. एका रेणूत हायड्रोजनचे 2 आणि ऑक्सिजनचा 1 असे 3 अणू, म्हणून पुन्हा 3 ने गुणा. मोल ही डझनासारखी ठरलेली संख्या आहे (2019 पासून नेमकी 6.02214076 × 10²³), त्यामुळे मोल कशाचे, अणूंचे की रेणूंचे, हे प्रत्येक पायरीत आकड्यापुढे लिहाच. मिठाला मात्र ही रेणूंची रीत लावू नका. घन मिठात सुटे रेणू नसतातच, 58.5 ग्रॅममध्ये 1 मोल सोडियम आयन आणि 1 मोल क्लोराइड आयन असतात.