जनरेटरला साधा ओव्हरकरंट रिले पुरेसा का नसतो?

मुख्य ब्रेकरवर ओव्हरकरंट रिले (करंट ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ब्रेकर उघडायला लावणारे उपकरण) बसवलेला असताना जनरेटरला शॉर्ट सर्किटसाठी आणखी वेगळे संरक्षण कशाला हवे, असे आपण विचारले आहे. ट्रान्सफॉर्मर किंवा फीडर (वीज पुढे नेणारी लाइन) असता तर आपला युक्तिवाद बहुतेक वेळा बरोबर ठरला असता, कारण त्यांच्यामागे ग्रिड असते आणि फॉल्ट (इथे शॉर्ट सर्किट) तुटेपर्यंत ते जवळजवळ तेवढाच करंट पुरवत राहते. जनरेटरचा फॉल्ट करंट मात्र आपोआप घटत जातो.

टर्मिनलजवळ तिन्ही फेज शॉर्ट झाले, की पहिल्या काही सायकलपुरता करंटला आवर घालणारा सबट्रान्झियंट रिअॅक्टन्स (यंत्राचा त्या क्षणीचा अंतर्गत विरोध) साधारण ०.१ ते ०.२ पर युनिट (यंत्राच्या रेटिंगच्या प्रमाणात) एवढाच असतो. त्यामुळे रेटेड करंटच्या पाच ते दहापट करंट वाहतो, आणि त्यात डीसी घटक मिसळला तर पहिले शिखर याहूनही उंच जाते. त्यानंतर ट्रान्झियंट अवस्था ओसरते आणि काही सेकंदांत सिंक्रोनस रिअॅक्टन्सच (स्थिर अवस्थेतला, बराच मोठा विरोध) करंट ठरवू लागतो. टर्बो-जनरेटरमध्ये तो १.५ ते २ पर युनिट, कधी त्याहूनही अधिक असतो. एक्सायटेशन (रोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारा करंट) विनाभार पातळीवरच राहिले असे धरल्यास स्थिरावलेला करंट रेटेड करंटच्या निम्म्यावर किंवा फार तर दोन-तृतीयांशावर येतो. पूर्ण भाराचे एक्सायटेशन कायम राहिले तरी तो रेटेडपेक्षा थोडासाच वर असतो. ज्या यंत्रात एव्हीआरला (एक्सायटेशन कमी-जास्त करून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या नियंत्रकाला) वीज टर्मिनलवरूनच मिळते, तिथे व्होल्टेज कोसळताच एक्सायटेशनही कोसळते आणि फॉल्ट करंट जवळपास नाहीसा होतो. एव्हीआरला वीज पुरवायला वेगळा पर्मनंट मॅग्नेट जनरेटर किंवा सहायक वाइंडिंग असलेले अनेक सेट रेटेडच्या सुमारे तिप्पट करंट १० सेकंद टिकवू शकतात, आणि हा अतिरिक्त खर्च मला नेहमीच सार्थ वाटतो.

रिले पूर्ण भाराला उचलला जाऊ नये म्हणून त्याचे पिकअप (ज्या करंटला रिले कामाला लागतो ती पातळी) रेटेडच्या वरच ठेवावे लागते, आणि खालच्या फीडरशी समन्वय राहावा, म्हणजे फीडरच्या रिलेला आधी काम करता यावे, म्हणून त्याला वेळही द्यावा लागतो. तो वेळ संपेपर्यंत करंट पिकअपच्या खाली उतरला, तर रिले शांतपणे परत जागेवर जातो आणि फॉल्ट तसाच राहतो.

फक्त करंट पाहून भार आणि फॉल्ट यांतला फरक कळत नसेल, तर व्होल्टेजही पाहावे लागते. पूर्ण भारावर व्होल्टेज जागेवर असते, जवळच्या शॉर्ट सर्किटमध्ये ते कोसळते. संरक्षण उपकरणांच्या प्रमाणित क्रमांकांच्या भाषेत ५१ व्ही म्हणतात तो रिले हेच पाहतो आणि त्याचे दोन प्रकार आहेत. व्होल्टेज-रिस्ट्रेंट प्रकारात व्होल्टेज जसे उतरेल तसे पिकअपही उतरत जाते. व्होल्टेज-कंट्रोल्ड प्रकारात व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली, समजा ८० टक्क्यांखाली, गेल्यावरच रिले कामाला लागतो, म्हणून त्याचे पिकअप रेटेडच्या निम्म्यावरही ठेवता येते. समन्वयाचे गणित सोपे राहते म्हणून माझी पसंती दुसऱ्या प्रकाराला आहे. पीटीचा (रिलेला व्होल्टेज मोजून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज उडाला तर मात्र दोन्ही प्रकारांना व्होल्टेज कोसळल्याचा भास होतो आणि चालू भारावर खोटे ट्रिपिंग होऊ शकते, त्यामुळे फ्यूज-फेल्युअर ब्लॉकिंग हवेच.

सीटी (रिलेला करंट मोजून देणारे ट्रान्सफॉर्मर) शक्यतो न्यूट्रलच्या बाजूला असावेत. टर्मिनलच्या बाजूचे सीटी स्टेटरमधला फेज-फॉल्ट तेव्हाच पाहू शकतात, जेव्हा बाहेरचा एखादा स्रोत त्याला करंट पुरवत असतो. एकटा चालणारा जनरेटर आतल्या आत जळत असला तरी त्यांना पत्ता लागत नाही. तरीही ५१ व्ही हे बॅकअपच आहे. मोठ्या यंत्रात अशा आतल्या फॉल्टसाठी दोन्ही बाजूंच्या करंटची तुलना करणारे डिफरेन्शियल संरक्षणच मुख्य असते, कारण त्याला कोणाशी समन्वय साधत थांबावे लागत नाही. असा फॉल्ट ओळखल्यावर फक्त मुख्य ब्रेकर उघडून भागत नाही. रोटर फिरतो आहे आणि त्यात फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) आहे, तोवर यंत्र स्वतःच्या फॉल्टला स्वतःच करंट पुरवत राहते. म्हणून त्याच क्षणी फील्ड, म्हणजे रोटरचे एक्सायटेशन, तोडावे लागते आणि इंजिन किंवा टर्बाइनही बंद करावे लागते. एवढे करूनही उरलेला फ्लक्स ओसरायला काही सेकंद जातात.

आपला सेट लहान असेल आणि त्यावर फक्त एमसीबी (घरातल्या वीज-पाटीवर असतो तसा छोटा ब्रेकर) असेल, तर आधी त्याचा प्रकार पाहावा. सी-टाइपचे चुंबकीय ट्रिपिंग रेटेडच्या पाच ते दहापटीच्या दरम्यान होते, आणि तिपटीवर टिकणारा जनरेटर तिथवर फार काळ पोहोचतच नाही. मग सगळी भिस्त संथ थर्मल ट्रिपवर राहते. तीन ते पाचपटीला चालणारा बी-टाइप किंवा समायोज्य चुंबकीय ट्रिप असलेला ब्रेकर निवडावा, पण निर्मात्याकडून त्या सेटचा फॉल्ट करंट वेळेनुसार कसा घटतो हे दाखवणारा आलेख मागवून मगच सेटिंग ठरवावे.